हिवताप ओळखणारी नजर

मंडळी, गावात कुणाला थंडी वाजून ताप भरला, की आरोग्यसेवक येतो, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतो आणि पुढच्या घरी जातो. त्या काचेचे पुढे काय होते? ती जाते प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या तंत्रज्ञाकडे. त्याची नजर कशी तयार करतात, ते आज पाहू.

हे शिक्षण डोळ्यापासून नव्हे, हातापासून सुरू होते. एकाच काचेवर दोन लेप घ्यायचे, एक जाड, एक पातळ. जाड लेपात थोड्या जागेत पुष्कळ रक्त मावते, म्हणून जंतू आहे की नाही हे तिथे लवकर कळते. पातळ लेपात पेशी सुट्या पसरतात, म्हणून जंतूची जात तिथे ठरते. जाड म्हणजे किती जाड? काचेखाली वर्तमानपत्र धरावे. अक्षरे जेमतेम वाचता आली पाहिजेत. पातळ लेप मिथिल अल्कोहोलने पक्का करतात. तेच अल्कोहोल जाड लेपाला लागले, तर त्यातल्या तांबड्या पेशी फुटत नाहीत आणि आरपार काही दिसत नाही.

मग रंग द्यायचा. गिम्सा रंग नीट बसला, की कोवळा जंतू निळ्या अंगठीसारखा दिसतो, वर लाल खडा बसवलेला! पण नवख्या माणसाला धूळ, रंगाचा कण, रक्तातली प्लेटलेट, जिथे तिथे जंतूच दिसू लागतो. म्हणून शिक्षक निर्दोष काचाही मुद्दाम मिसळून देतात. ‘इथे काही नाही’ असे खात्रीने म्हणणे हेच खरे अवघड. भिंगावर तेलाचा थेंब घेऊन जाड लेपाची निदान 100 क्षेत्रे पाहिल्याखेरीज तसे लिहायचे नसते.

जात चुकली तरी भागत नाही. व्हायव्हॅक्सने धरलेली तांबडी पेशी फुगते; हा जंतू यकृतात दडून बसतो व पुन्हा उलटतो, म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या साधारणतः 14 दिवस देतात. फाल्सिपेरमची पेशी फुगत नाही; एकेका पेशीत दोनदोन नाजूक अंगठ्या दिसतात, कधी केळ्यासारखा बाक असलेले जंतू. हा मेंदूवर गेला आणि उपचार लांबला, तर एकदोन दिवसांत माणूस जातो. शिक्षकबंधूंनो, मुलाला ताप आला तर गोळी देण्याआधी रक्त तपासायला द्या, ते याचसाठी.

हल्ली पट्टीवर झटपट होणारी तपासणीही आहे, आणि गडचिरोलीसारख्या जंगलपट्टीत तिचा उपयोग मोठा. पण जंतू किती आहेत हे ती मोजून सांगत नाही. औषध लागू पडते आहे का, हे पाहायला भिंगच लागते.

गंमत अशी, की हिवताप हटला म्हणजे ही विद्या गंजते. महिनोन्‌महिने कोऱ्या काचा पाहिल्यावर अंगठी समोर आली तरी डोळा पुढे सरकतो. म्हणून जुन्या तंत्रज्ञांनाही पुन्हा वर्गात बसवतात आणि जपून ठेवलेल्या काचा, नाव-गाव झाकून, त्यांच्यापुढे ठेवतात.