सोनेरी किनाऱ्यापलीकडचा पगार

गोव्यात पोलीस शिपायाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाच्या तिसऱ्या स्तरावर, २१,७०० रुपयांपासून सुरू होतं. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वेगळे. वर्षाकाठी साधारण ३ टक्के वाढ, म्हणजे पहिल्या वाढीनंतर मूळ वेतन २२,४०० रुपये. (किनाऱ्यावरची भाडी पाहता ही वाढ कुठे जिरते, ते सांगायला नको!) उपनिरीक्षक सहाव्या स्तरावर, ३५,४०० रुपयांपासून. शेजारच्या महाराष्ट्रात शिपायाची सुरुवात नेमकी तेवढ्याच २१,७०० रुपयांवर होते. उपनिरीक्षकाची मात्र ३८,६०० रुपयांवर. गोवा-महाराष्ट्राची हद्द ओलांडली की शिपायाला फरक नाही, फौजदाराच्या मूळ वेतनात मात्र ३,२०० रुपयांचा फरक पडतो.