ड्रॅक्युलाचा देखणा मुलगा

कोनामी कंपनीचा पहिला 'कॅसलव्हेनिया' १९८६ च्या सप्टेंबरमध्ये जपानात आला. हातात चाबूक घेतलेला सायमन बेलमाँट किल्ल्यात शिरतो, ममी, मेड्युसा, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस अशा एकेकाला लोळवत वर चढतो आणि शेवटी ड्रॅक्युलाला गाठतो. गेम जिंकला की श्रेयनामावली येते, आणि ती निव्वळ थट्टा आहे. 'व्राम स्टोकर', 'ख्रिस्तोफर बी', 'बेलो लुगोसी', 'बोरिस कार्लॉफिस', 'ट्रान्स फिशर्स'! मूळ कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर, भयपटांमधले गाजलेले नट आणि हॅमर कंपनीच्या १९५८ च्या 'ड्रॅक्युला'चा दिग्दर्शक टेरेन्स फिशर, सगळ्यांची नावं मोडूनतोडून तिथे बसवली आहेत. म्हणजे हे ऋण कुणाचं, ते गेमने स्वतःच हसत हसत सांगून टाकलं आहे. ॲनिमेचा त्यात पत्ता नाही.

तरीही गॉथिक भयगेम्सचा विषय निघाला की चाहते 'व्हॅम्पायर हंटर डी'चं नाव घेतातच. हिदेयुकी किकुची यांची ही कादंबरी १९८३ ची, चित्रं योशिताका आमानो यांची. तोयो आशिदा दिग्दर्शित ॲनिमे डिसेंबर १९८५ मध्ये आला, म्हणजे कॅसलव्हेनियाच्या जेमतेम नऊ महिने आधी. काळ इसवी सन १२,०९०. अणुयुद्धानंतरच्या ओसाड जगावर रक्तपिपासू उमरावांची सत्ता आहे. काउंट मॅग्नस ली डोरिस नावाच्या शेतकरी मुलीला चावतो आणि ती सुटकेसाठी डी या शिकाऱ्याला गाठते. डोरिसच्या हातात चाबूक आहे! या चाबकावरून बरीच अनुमानं बांधली जातात. मला ती फारशी पटत नाहीत. इंडियाना जोन्सने १९८१ पासून चाबूक जगभर गाजवला होताच, आणि किकुची स्वतः हॅमरच्या ड्रॅक्युलाने झपाटलेले लेखक. दोघांनी एकाच विहिरीचं पाणी भरलं, एवढंच यावरून दिसतं.

ॲनिमेची खरी देणगी दुसरीकडे आहे. किल्ला, वटवाघळं, शवपेटी हे सगळं सिनेमाने दिलं. शिकारी मात्र या जपानी परंपरेने बदलला. डी हा डॅम्पीर. बाप रक्तपिपासू, आई माणूस. अशी संतती रक्तपिपासूंची उत्तम शिकारी होते, हा बाल्कन लोककथांमधला समज. किकुचींनी त्याला रुंद काठाची टोपी, लांब केस, फिकट चेहरा आणि कमालीचा अबोलपणा दिला. बडबड करायला त्याच्या डाव्या तळहातावर एक वेगळंच तोंड आहे. डी ज्यांना मारतो त्यांचं रक्त त्याच्याही अंगात आहे, आणि तहान त्यालाही लागते. या देखण्या दुःखाची वाट मुलींसाठीच्या मांगांनी आधीच मळवून ठेवली होती. मोतो हागिओ यांच्या १९७२ पासूनच्या 'पो नो इचिझोकु'मध्ये रक्तपिपासू म्हणजे कधीच मोठा न होणारा एकाकी मुलगा. भीती वाटण्याआधी त्याची कीव येते.

हा बदल गेममध्ये कसा उतरला, ते पाहायला एकच पात्र पुरेसं आहे. ड्रॅक्युलाचा मुलगा अलुकार्ड. बापाचं नाव उलटं करून बनवलेलं हे नाव १९४३ च्या 'सन ऑफ ड्रॅक्युला' या हॉलिवूडपटातून आलं. १९८९ च्या तिसऱ्या कॅसलव्हेनियात तो पहिल्यांदा दिसतो, तेव्हा तो पडद्यावरच्या ड्रॅक्युलाच्या वेशातला लहानसा लुगोसीच आहे. तोच झगा, तसेच चापून बसवलेले केस. त्या वेळच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर आकृतीच्या एका तुकड्याला तीन रंग मिळत. त्यात उदास डोळे कुठून रंगवणार? १९९३ मध्ये पीसी इंजिनच्या सीडीवर याच मालिकेतला 'रोंदो ऑफ ब्लड' आला आणि त्यात बोलत्या पात्रांचे सरळसरळ ॲनिमे प्रसंग घातलेले होते. तिथे दार उघडलं.

१९९७ मध्ये प्लेस्टेशनवर 'सिंफनी ऑफ द नाइट' आला आणि अलुकार्ड ओळखू येईनासा झाला. आयामी कोजिमा यांनी त्याला पाठीवर रुळणारे फिकट केस, भरजरी कोट आणि हातात तलवार दिली. तो चालतो तेव्हा मागे धूसर सावल्या उमटत जातात. त्याच्या आईला माणसांनी मारलं, म्हणून बाप माणसांवर उठला आहे आणि मुलगा बापावर. किकुची आणि आमानो यांच्या डीची ही सख्खी भावकी आहे, असं मी बेधडक म्हणेन. गेमने मात्र एक पाऊल पुढे टाकलं. 'डार्क मेटामॉर्फोसिस' हा मंत्र वापरला की शत्रूच्या सांडलेल्या रक्तातून अलुकार्डची ताकद भरून येते. ज्या तहानेशी डी झगडतो, तीच इथे खेळाडूच्या उपयोगाची झाली.

सगळ्याचंच श्रेय ॲनिमेला देऊन चालणार नाही. १९९६ चा कॅनडातला 'ब्लड ओमेन' हा गेम पाहा. त्यातला केन साखळदंडाने बांधलेल्या कैद्यांचं रक्त ओढून पितो, कारण त्याची शक्ती सतत ओसरत असते. रक्ताचा हिशेब तिथेही आहे. पण केनला पाहून कुणाला डी आठवणार नाही.

पुढे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी सुरू झाली. योशिआकी कावाजिरी यांनी २००० मध्ये डीवरचा 'ब्लडलस्ट' हा ॲनिमेपट काढला आणि आमानोंच्या रेषेची नजाकत पहिल्यांदा पडद्यावर नीट उतरली. १९८५ च्या ॲनिमेला ते जमलं नव्हतं. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर 'कॅसलव्हेनिया' मालिका आली. ती बनवली टेक्सासमधल्या पॉवरहाउस ॲनिमेशनने, म्हणजे जपानी गेमवरची, जपानी वळणाची अमेरिकी मालिका. गंमत अशी, की कथा १९८९ च्या गेमची आणि अलुकार्डचं रूप १९९७ चं. झगेवाल्या लुगोसीला परत बोलवावं असं कुणालाच वाटलं नाही.

२०१५ च्या 'ब्लडबोर्न'मध्ये तर ड्रॅक्युलाच नाही. हिदेताका मियाझाकी यांच्या या गेमवर स्टोकर, लव्हक्राफ्ट आणि 'बर्सर्क' या मांगाची छाया आहे. पण त्याचं यार्नाम शहर डीच्या गावचंच वाटतं. तिथे रक्त हेच औषध, त्याच रक्ताने माणसांचे पशू होतात, आणि त्या पशूंना मारणारा शिकारीही जखमी झाला की मांडीत रक्ताची कुपी टोचून घेतो. अर्धं रक्त घेऊन जन्मलेला नायक आता लागतच नाही. खेळाडू स्वतःच थोडाथोडा डॅम्पीर होत जातो. कुप्या एका वेळी साधारण वीसच नेता येतात. एखादा दांडगा राक्षस सगळ्या संपवतो, मग खेळाडू मुकाट्याने आधीच्या गल्ल्यांत परततो आणि कालच मारलेल्या गावकऱ्यांना रक्तासाठी पुन्हा मारत बसतो.