कॅलिपर रंगवा, पण पिना सांभाळून

अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून ब्रेकचा कॅलिपर दिसतो, म्हणून त्याला लाल किंवा पिवळा रंग देण्याची हौस अनेक गाडीमालकांना असते. काम घरच्या अंगणातही होते. मात्र साधा ऑइलपेंट येथे चालत नाही. घाट उतरताना ब्रेकची डिस्क 200 अंशांच्या वर तापते. असा रंग करपतो, पोपडे सुटतात. कॅलिपरसाठी मिळणारा उष्णता सोसणारा रंगच घ्यावा.

गाडी घोडीवर टेकवूनच चाक काढावे, नुसत्या जॅकवर विसंबू नये. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक क्लीनरने ती ओली करून पुसावी, मग तारेच्या ब्रशने गंज काढावा. ब्रेक ऑइलचा थेंबही राहू देऊ नये, त्याने रंग सुटतो.

खरी मेहनत चिकटपट्टी लावण्यात आहे. पिस्टनचे रबर, हवा काढण्याचे निपल, होज, डिस्क हे सारे झाकावे. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, तेथे रंग गेला तर तो अडकतो. पॅड कमीजास्त झिजतात, गाडी एका बाजूला ओढते. कॅलिपर खोललाच तर तारेने टांगावा. होजवर लोंबकळत सोडणारे मिस्त्री आपल्यातही आहेत!

रंगाचे दोन-तीन पातळ हात पुरेत. जोडणी झाल्यावर पेडल कडक लागेपर्यंत दाबावे, मगच गाडी हलवावी. गिऱ्हाईकाने घरी रंगवलेली गाडी गॅरेजमध्ये आली, तर प्रथम पिना पाहाव्यात.