टेबलाखालच्या तीन रेकॉर्डी

१९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी जगभरचे संगीत निवडले जात होते. त्यात केसरबाई केरकरांची भैरवी घ्यायचे ठरले, ‘जात कहां हो’. ठरले खरे, पण रेकॉर्ड मिळेना. बाजारातून ती केव्हाच गेली होती. बरीच शोधाशोध झाल्यावर न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, घडीच्या टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या तीन न उघडलेल्या प्रती हाती लागल्या. निवड करणाऱ्यांनीच ही हकिगत पुढे ‘मर्मर्स ऑफ अर्थ’ या पुस्तकात नोंदवली. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येचा साडेतीन मिनिटांचा आवाज आज सौरवाऱ्याच्या वेशीपलीकडे आहे, तो एका दुकानदाराने जुना माल काढून टाकला नाही म्हणून. रेकॉर्ड कंपनीने जपला म्हणून नव्हे.

कॉपीराइट म्हणजे काय, याचा विचार इथूनच सुरू करायला हवा. नक्कल करू न देण्याचा हक्क हा जमिनीच्या मालकीसारखा हक्क नाही. तो समाजाने केलेला सौदा आहे. तुम्ही खर्च करून ध्वनिमुद्रण करा, लोकांपर्यंत पोहोचवा, त्या बदल्यात काही वर्षे दुसऱ्या कुणाला ते छापू देणार नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात ही मुदत प्रसिद्धीनंतर ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपत आला तेव्हा सर्वच मुदती दहा वर्षांनी वाढवल्या गेल्या आणि त्या ओघात रेकॉर्डींचीही मुदत ६० झाली. सौद्याची एक बाजू अशी लांबत गेली. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे माल लोकांना मिळत राहील याचे, कलम मात्र त्यात कधी नीट घातलेच गेले नाही. साठ वर्षांत एकदाच पाचशे प्रती काढून उरलेली वर्षे गप्प बसलेल्या कंपनीचा हक्क, दरवर्षी नवी आवृत्ती काढणाऱ्या कंपनीच्या हक्काइतकाच पक्का राहतो.

हे गप्प बसणे किती सर्रास असते, याची मोजणी अमेरिकेत झाली आहे. टिम ब्रुक्स यांनी २००५ मध्ये केलेल्या पाहणीत १८९० ते १९६४ या काळातल्या महत्त्वाच्या अमेरिकी ध्वनिमुद्रणांपैकी सरासरी १४ टक्केच हक्कदारांनी सीडीवर उपलब्ध ठेवलेली आढळली. ज्यांचा कसलाही हक्क नव्हता अशा छोट्या प्रकाशकांनी आणि परदेशी कंपन्यांनी आणलेली मात्र २२ टक्के. ज्यांनी विकायचे त्यांच्यापेक्षा ज्यांना मनाई आहे त्यांनीच श्रोत्यांची सोय अधिक केली, असा याचा सरळ अर्थ होतो.

त्यात जुन्या रेकॉर्डीला वाट पाहायला वेळ नाही. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची, दगडाची पूड घालून दाबलेली. हातातून निसटली की काचेसारखी फुटते. प्लास्टिकच्या एलपीला चालते तसे स्पिरिट लावून पुसायला जावे तर लाख विरघळते आणि गाणे फडक्याला येते. एलपीची सुई तिला लावली तर ती रुंद खाचेच्या तळाशी घासत बसते आणि खरखरच जास्त ऐकू येते. ७८ साठी जवळजवळ तिप्पट जाड टोकाची सुई लागते. त्या काळी तर पोलादी सुई बाजूगणिक बदलायची, तरी प्रत्येक वाजवणे तबकडीला थोडे झिजवायचेच. म्हणजे ऐकणे हाच झिजवण्याचा मार्ग, आणि जपायचे तर एकदा नीट वाजवून तिची नक्कल करून ठेवणे हाच उपाय. नक्कल बेकायदा आणि मूळ वस्तू नाशिवंत असेल तर कायदा नेमके कशाचे रक्षण करतो?

यावर पहिला आक्षेप धंद्याचा असतो. कंपनी उद्या संच काढील, आज नकला फिरल्या तर तो कोण घेईल? आक्षेप खोटा नाही, पण उद्या कधी उजाडायचा हे ठरवायची मोकळीक साठ वर्षे एकाच पक्षाला का असावी? युरोपीय संघाने २०११ मध्ये मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली तेव्हा सोबत अट घातली : पन्नास वर्षांनंतर निर्माता रेकॉर्ड पुरेशी उपलब्ध ठेवत नसेल तर कलावंत त्याला नोटीस देऊ शकतो आणि वर्षभरात काही हालचाल झाली नाही तर करार मोडू शकतो. वापरा नाहीतर सोडा. आपल्याकडे कलम ३१ मध्ये सक्तीच्या परवान्याची सोय आहे, पण ती मालकाने पुन्हा प्रकाशित करायला ‘नकार’ दिला असेल तर. पत्राला उत्तरच न देणे हा नकार ठरतो की नाही, यासाठी वकील लावून तीन मिनिटांच्या ठुमरीपायी कोण भांडणार? पाच वर्षे कोणत्याही रूपात न मिळणारी रेकॉर्ड ठरावीक रॉयल्टी भरून कुणालाही काढता यावी, एवढी साधी तरतूद पुरे. कंपनीला जाग आली तर तिला तिची आवृत्ती काढायला कुणी अडवलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, कलावंताचा. वादक-गायकांचे स्वतंत्र हक्क आपल्या कायद्यात १९९४ मध्ये आले, त्याआधीच्या गायकाला कंपनीशी जो करार असेल तोच. न विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डीवर रॉयल्टी शून्य, तेव्हा नकलेने त्याच्या खिशातले काही जात नाही. पण खासगी मैफलींच्या टेपांचे तसे नाही, आणि इथे त्या जपणाऱ्या संग्राहकांची बाजू लंगडी पडते. तीसजणांसमोर, घसा बसलेला असताना, मर्जीतल्या माणसाच्या आग्रहाखातर गायलेले गाणे कलावंताने प्रसिद्ध केलेलेच नव्हते. जे बाजारात आले आणि बाजारातून गेले, त्याच्याबद्दल हा युक्तिवाद आहे. जे कधी आलेच नाही, त्याला तो लावू नये. घराण्याची ठेव जपली म्हणून कुणाच्या संमतीची गरज संपत नाही.

गुंतागुंत इथेही थांबत नाही. १९५५ साली निघालेले, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल असलेले एखादे भावगीत घ्या. ध्वनिमुद्रणावरचा हक्क २०१५ अखेर संपला. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ पर्यंत. फडके २००२ मध्ये, चालीवरचा २०६२ पर्यंत. तबकडी मोकळी, पण तिच्यातले गाणे बांधलेले. नाटककार खाडिलकरांच्या पदांचे शब्द मात्र २००९ पासून सर्वांचे आहेत आणि पारंपरिक बंदिशींवर कुणाचाच दावा नाही, म्हणून ख्यालाच्या जुन्या रेकॉर्डी हा त्यातल्या त्यात सोपा भाग.

२०१२ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी दिल्या. स्वतःच्या वापरासाठी आणि अभ्यासासाठी रास्त मर्यादेत नक्कल करण्याची मुभा ध्वनिमुद्रणालाही मिळाली. आणि बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येऊ लागली. दुसरी सवलत चांगली, पण तबकड्या ग्रंथालयांत आहेत कुठे? बहुतेक साठा खासगी कपाटांत आहे. मुंबईची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ असो की एकटेदुकटे हौशी, ज्यांच्याकडे माल आहे त्यांना ही सवलत जशीच्या तशी लागू पडत नाही.

आणि मुदत संपली हे ठरवायचे कसे? साठ वर्षे मोजायची ती प्रसिद्धीच्या सालापासून, आणि जुन्या लेबलांवर राग असतो, गायिकेचे नाव असते, क्रमांक असतो. साल बहुधा नसतेच. ते काढायचे तर आतल्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक भिंग लावून वाचायचा आणि कंपन्यांच्या जुन्या कॅटलॉगांशी ताडून पाहायचा. या याद्या जुळवण्यात मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने अनेक वर्षे घातली आणि १९९४ साली ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ मधल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची पुस्तकरूपाने दिली. एखादी तबकडी कायद्याने मोकळी झाली आहे हे दाखवायलाही असल्याच हौशी माणसांच्या वह्या उघडाव्या लागतात.