रॅम खराब आहे का? अशी होते तपासणी

संगणक मध्येच बंद पडणे, निळी स्क्रीन येणे, कॉपी केलेल्या फाइल न उघडणे या तक्रारींमागे अनेकदा सदोष रॅम असते. ती शोधण्यासाठी ‘मेमटेस्ट८६’ वापरतात. ख्रिस ब्रॅडी यांनी हा प्रोग्रॅम १९९४ मध्ये लिहिला; ‘मेमटेस्ट८६+’ ही त्याचीच मुक्त स्रोत शाखा.

विंडोज चालू असताना रॅमचा काही भाग विंडोजच्याच ताब्यात असतो. म्हणून ही चाचणी विंडोज सुरू होण्याआधी, पेन ड्राइव्हवरून चालवतात. प्रोग्रॅम रॅममधील प्रत्येक पत्त्यावर ०१०१०१०१ सारखा नमुना लिहितो, वाचून ताडून पाहतो आणि मग उलटा, म्हणजे १०१०१०१०, लिहून पुन्हा तपासतो. ११११११११ लिहिल्यावर ११११०१११ वाचले गेले, तर एक बिट दगा देतो आहे. अशी चूक पत्त्यासह स्क्रीनवर झळकते.

एक चूकही दुर्लक्ष करण्याजोगी नसते. आधी बायोसमध्ये ओव्हरक्लॉकिंग आणि एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी. तरीही चूक आली, तर एका वेळी रॅमची एकच स्टिक लावून तपासावे. स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये नेल्यावर चूक तिच्यामागोमाग गेली, तर स्टिक बदलावी. चांगली स्टिकही त्याच स्लॉटमध्ये चुकली, तर संशय मदरबोर्डवर जातो.

काही दोष रॅम तापल्यावरच उघड होतात. त्यामुळे चाचणीच्या अनेक फेऱ्या, शक्यतो रात्रभर, चालू द्याव्यात. झटपट तपासणीसाठी विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ पुरेसे असले, तरी तिथे दोष न दिसणे म्हणजे रॅम निर्दोष असल्याची खात्री नव्हे.