ससाण्याचा नवा डोळा

चौपाटीच्या वाळूत उभे राहिले की समुद्र आपल्याला फार तर साडेचार-पाच किलोमीटरपर्यंत दिसतो. त्यापलीकडचे गलबत क्षितिजाखाली बुडालेले असते. आधी शीड वर येते आणि मग सावकाश धड. तेच मलबार हिलवर चढून पाहा, गलबत कितीतरी आधी नजरेस पडते. गलबत तेच, डोळे तेच. वाढली ती फक्त उंची. आज ज्या विमानाची हकिगत सांगावयाची आहे, त्याचे अर्धे शास्त्र एवढ्यातच आले.

जहाजाच्या डोलकाठीवरचे रडारही पृथ्वीच्या या बाकापुढे हात टेकते. डोलकाठी ३० मीटर उंच आणि शत्रूचे विमानही पाण्यापासून ३० मीटरवरून येत आहे असे धरा. दोघांची गाठ पडते जेमतेम ४५ किलोमीटरवर. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर असला तर कप्तानाच्या हाती उरली तीन मिनिटे! तेच रडार साडेसात हजार मीटर उंच नेले, तर समुद्राचा साडेतीनशे किलोमीटरपर्यंतचा पट्टा उघडा पडतो.

ही अक्कल अमेरिकन आरमाराने फार महागात विकत घेतली. १९४५ साली ओकिनावाच्या समुद्रात जपानी आत्मघातकी वैमानिक जहाजांवर कोसळू लागले. आगाऊ सूचना मिळावी म्हणून काही विनाशिका ताफ्यापासून दूर, पहारेकऱ्यांसारख्या उभ्या केल्या होत्या. पहिला घाव त्यांच्यावरच बसे. तेव्हा रडारच विमानात बसवण्याचा उद्योग सुरू झाला, पण ते कामाला लागण्यापूर्वीच युद्ध संपले.

ब्रिटिशांनी हाच धडा उलट्या रीतीने गिरवला. आपल्या नौकेवरची गॅनेट नावाची रडार-विमाने त्यांनी १९७८ साली निवृत्त केली. चारच वर्षांनी फॉकलंडच्या लढाईत, ४ मे १९८२ रोजी, खालून आलेल्या विमानाने सोडलेले क्षेपणास्त्र ‘शेफील्ड’ या विनाशिकेवर आदळले आणि २० खलाशी प्राणाला मुकले. त्या ताफ्याची प्रमुख नौका होती ‘हर्मीस’. तीच पुढे १९८७ पासून आपली ‘विराट’ झाली, आणि मुंबईच्या कित्येक कुटुंबांनी तिला बंदरात उभी असलेली पाहिलेही असेल.

तर हे अमेरिकन विमान म्हणजे ग्रमन कंपनीचे ‘हॉकआय’, म्हणजे ससाण्याचा डोळा. २१ ऑक्टोबर १९६० रोजी ते प्रथम उडाले. दिसायला मोठे विचित्र. पाठीवर २४ फूट व्यासाची तबकडी, शेपटीला एक सोडून चार उभे पंख. पण यातले काहीच हौसेखातर नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कपाट आणायचे तर आधी जिन्याचे वळण मोजावे लागते, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. इथे जिना म्हणजे नौकेची लिफ्ट आणि खोली म्हणजे डेकखालचे विमानांचे कोठार. छत ठेंगणे, म्हणून एका उंच शेपटीऐवजी चार बुटक्या शेपट्या. पंखांचा विस्तार ८० फुटांवर. ते मागे वळून पाखराच्या पंखांसारखे अंगाला चिकटतात. घडीच्या पंखांची ही युक्ती खुद्द लिरॉय ग्रमन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक खोडरबर आणि कागद अडकवायच्या दोन क्लिपा घेऊन शोधली होती, असे सांगतात.

जिना रुंद होत नाही तोवर कपाट मोठे करता येत नाही. म्हणून साठ वर्षे या विमानाचे रूप जवळजवळ तेच राहिले आणि जी काही सुधारणा झाली ती पोटात.

सुरुवात काही शुभशकुनी नव्हती. १९६४ च्या जानेवारीत हॉकआय आरमारात दाखल झाले आणि लगेच आजारी पडले. आतला संगणक फिरत्या ढोलावर माहिती साठवणारा. यंत्रे तापत, आणि त्यांना थंड ठेवण्याची सोय अपुरी. डोळा तीक्ष्ण पण डोके ठिकाणावर नाही, अशी गत! १९६५ साली उत्पादन थांबवावे लागले. मग डोकेच बदलायचे ठरले. ढोल गेला आणि लिटन कंपनीचा एल-३०४ हा संगणक आला. नवी आज्ञावली दिली की तो नवे काम शिके. सुधारलेले विमान २० फेब्रुवारी १९६९ रोजी उडाले, आणि जुनी विमाने एकामागून एक तशीच बदलून घेतली गेली.

मग पाळी आली डोळ्याची. समुद्रावर चोख चालणारे रडार किनाऱ्याकडे वळले की गोंधळून जाई. डोंगर, झाडे, इमारती सगळेच लहर परत पाठवणार. त्यातून एक विमान शोधणे म्हणजे तांदळातला पांढरा खडा निवडणे. उपाय मात्र आपल्या रोजच्या अनुभवातला आहे. फलाटावर उभे असताना जवळ येणाऱ्या इंजिनाची शिट्टी चढ्या सुरात ऐकू येते आणि ते पुढे गेले की सूर उतरतो. हलत्या विमानावरून परतलेल्या लहरीचा सूरही असाच बदलतो. डोंगराचा बदलत नाही. अर्थात ऐकणारा स्वतःच उडत असल्यामुळे आपल्या वेगाचा हिशेबही त्याला वजा करावा लागतो. हा सूर नेमका ओळखणारी यंत्रे १९७१ साली प्रथम उडालेल्या ‘सी’ जातीपासून पिढी दर पिढी सुधारत गेली.

पंख्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. चार पात्यांच्या जागी आठ पात्यांचा पंखा आला. थरथर कमी झालीच, शिवाय एक पाते बिघडले तर तेवढेच बदलता येऊ लागले. भर समुद्रातल्या मेकॅनिकला विचारा, तो याच सुधारणेला पहिला नंबर देईल!

३ ऑगस्ट २००७ रोजी ‘डी’ जातीचे विमान उडाले. बाहेरून पाहणाऱ्याला फरक शोधावा लागेल, पण तबकडीतला डोळा सर्वस्वी नवा. पूर्वी तबकडीची एक फेरी पुरी व्हायला दहा सेकंद लागत आणि तोवर मागची बाजू आंधळी. आता तबकडी थांबवून, विजेच्या करामतीने एकाच दिशेला टक लावून पाहता येते. २०१९ साली हवेतच तेल भरून घेण्याची सोय असलेली विमाने पथकात येऊ लागली. सात तासांहून अधिक काळ उडायचे म्हणजे आत बसलेल्या पाच माणसांच्या कमरेचे काय? म्हणून खुर्च्याही नव्या कराव्या लागल्या. रडारच्या कौतुकात ही खुर्चीची गोष्ट कोणी सांगत नाही. मला ती फार महत्त्वाची वाटते.

कारण शेवटी आत माणसे आहेत. लढाऊ विमानासारखी खुर्चीसकट बाहेर फेकण्याची सोय यात पहिल्यापासून नाही आणि सुधारलेल्या विमानातही ती आली नाही. संकट आले तर उठून दारातून उडी मारायची. ३१ मार्च २०१० रोजी अफगाणिस्तानवरून परतणाऱ्या ‘सी’ जातीच्या एका हॉकआयचे इंजिन अरबी समुद्रावर बिघडले. ते बंद केले, पण त्याचा पंखा वाऱ्याला आडवाच राहिला आणि विमान आवरेना. एकतीस वर्षांच्या वैमानिकाने सोबत्यांना उड्या मारण्याचा हुकूम दिला आणि ते बाहेर पडेपर्यंत विमान सरळ धरून ठेवले. तिघे वाचले. तो वाचला नाही. तीन दिवस शोध घेऊनही त्याचा पत्ता लागला नाही.

आपल्या नौकांवर असले विमान का नाही, असे मुले विचारतील. हॉकआयला नौकेवरून उडायला गोफणीसारखे फेकणारे यंत्र लागते. आपल्या ‘विक्रमादित्य’ आणि नव्या ‘विक्रांत’ या नौकांवर आहे पुढून उंचावलेला उतार. त्यामुळे आपण कामोव्ह-३१ या हेलिकॉप्टरवर भिस्त ठेवली. त्यांचा तळ गोव्याला दाबोळीस आहे. त्यांचे रडार पाठीवर नसून पोटाखाली, जवळजवळ सहा मीटर लांबीच्या फळीसारखे मिटलेले असते. वर गेल्यावर चाके आखडली जातात, फळी खाली लोंबते आणि सावकाश फिरू लागते.