अनोळखी ताटापुढें कसें बसावें

आपल्या जळगांव व धुळें जिल्ह्यांत कामधंद्यानिमित्त व सोयरिकीनिमित्त दूरदूरचीं माणसें येतात. आपलीं मुलेंहि परप्रांतीं व परदेशीं जातात. अशा वेळीं अनोळखी अन्न कसें खावें, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हे. ज्या अन्नास खाणारा उरत नाहीं, तें पीकहि शेतांत फार दिवस उरत नाहीं. म्हणून या विषयाकडे शेतकऱ्यानें लक्ष देणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम आपलेंच ताट पाहूं. कळण्याची भाकरी ज्वारी व सालीसकट उडीद एकत्र दळून करतात. ज्वारीच्या पिठांत गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून भाकरी हातानें थापावी लागते, आणि निवली कीं ती कडक होते. पोळीची संवय असलेला पाहुणा ती बाजूस ठेवून बोलत बसला, तर दोष भाकरीचा नव्हे. ती गरम असतांनाच मोडावी व ठेचा, तेल आणि कांदा यांबरोबर खावी. बट्टी कोरडी चावूं नये. ती चुरून तिजवर वरण व तूप घ्यावें. भरीत पुष्कळ दिसलें तरी आरंभीं थोडेंच वाढून घ्यावें, कारण खानदेशी हिरव्या मिरचीचा अंदाज नवख्यास येत नाहीं. जळगांवच्या भरिताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण त्या वांग्याची खरी चव पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजल्यानेंच कळते.

आतां आपण पाहुणे होऊं. सातपुड्याच्या पायथ्याशीं, चोपडें, यावल व शिरपूर या तालुक्यांत, भिल्ल व पावरा बांधवांच्या घरीं महूचीं फुलें व रानभाज्या पानांत येतात. महू म्हटलें कीं पुष्कळांस दारूच आठवते. परंतु तीं गोड फुलें वाळवून, शिजवून खाण्याची चाल जुनी आहे. तेथें नाक मुरडणें, किंवा ‘हें गरिबाचें खाणें’ म्हणून कींव करणें, दोन्ही सारखेंच अपमानकारक होय.

नवें अन्न घेतांना त्याची रीतहि घ्यावी, हा मुख्य नियम होय. सुरणांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून जाणत्या गृहिणी तो चिंच किंवा आमसूल घालून शिजवितात. मक्याची गोष्ट याहून मोठी आहे. मेक्सिकोकडील लोक मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून मग वाटतात. मका युरोपांत गेला, परंतु ही रीत गेली नाहीं. जेथें गरिबांस मक्यावांचून दुसरें फारसें अन्न नव्हतें, तेथें पेलाग्रा नांवाचा रोग पसरला. स्पेनमध्यें गास्पार कासाल या वैद्यानें त्याचें वर्णन १७३५ सालीं केलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांतहि त्यानें हजारों माणसें मेलीं. मक्यांतील नायसिन हें जीवनसत्त्व शरीरास मिळूं शकेल अशा रूपांत नसतें. चुन्यानें तें मोकळें होतें. बीं समुद्र ओलांडून गेलें, पण चुलीवरचें ज्ञान मागें राहिलें, त्याची ही किंमत! आपल्याकडे मक्याच्या जोडीस गहूं, डाळ व भाजी असते, म्हणून भीतीचें कारण नाहीं. पण धडा घेण्यासारखा आहे.

सारांश, परक्या घरीं यजमान ज्या क्रमानें व ज्या हातानें खातो तें पहावें. पहिला घास लहान घ्यावा. रानांतील कंद वा भाजी असल्यास ती कशी शिजविली हें विचारावें, व ओळख पटल्याशिवाय स्वतः तोडून आणूं नये. एखादा पदार्थ प्रकृतीस किंवा धर्मास चालत नसेल, तर तसें आधींच नम्रपणें सांगावें. पानांत टाकूं नये. आणि आवडल्यास त्याचें बीं व कृति, दोन्ही मागून घ्यावीं. पुढील हंगामीं बांधाच्या कडेस दोन ओळी त्याच्या पेराव्या, म्हणजे त्या पाहुणचाराचें खरें चीज होईल.